बिनडोळ्यांचा जवळा

मे महिन्याचा दुसरा आठवडा लागला की समोरच्या टॉवरच्या टाक्या धुतल्या जातात आणि ब्लिचिंग पावडरचा वास आमच्या गॅलरीपर्यंत येतो. शेजारच्या बायका नाकाला पदर लावतात. मला तो वास आला की आधी अगदी घरच्यासारखं वाटतं आणि मग लगेच जरा चोरट्यासारखं. एकाच वासाने दोन्ही कसं वाटावं, पण वाटतं खरं. त्याचं कारण आमच्या विहिरीत आहे.

चिंचपोकळीला आमची चाळ आणि सावंतांची चाळ समोरासमोर उभ्या आहेत. आमच्या चाळीत सगळी बौद्ध घरं, त्यांच्या चाळीत मालवण-कणकवलीकडची. मधल्या अंगणात विहीर, दोन्ही चाळींची मिळून एकच. तिचं पाणी आता कुणी पीत नाही. धुणंभांडी, संडास, फरश्या पुसणं आणि उन्हाळ्यात पोरांच्या आंघोळी, एवढ्याला ते लागतं. मोटारीने ते वरच्या टाकीत चढतं आणि तिथून नळाला येतं. पण दरवर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी तिचा उपसा होतो. सकाळी मोटार लावून पाणी काढायचं, मग दोराला घमेलं बांधून गाळ काढायचा, भिंती ब्रशने घासायच्या. त्या दिवशी दोन्ही चाळींचा स्वयंपाक अंगणातच होतो आणि कुणीही कुणाच्याही पातेल्यात डोकावतं.

गाळातून काय काय निघतं! चमचे, चाव्या, शेवाळलेले टेनिस बॉल, एखादं पैंजण. सगळं धुऊन गोणपाटावर मांडतात आणि ज्याचं त्याने ओळखून न्यायचं. एका वर्षी कवळी निघाली. ती कुणाची हे दोन्ही चाळींना ठाऊक होतं, पण तिच्या मालकाने मान फिरवली आणि बराच वेळ मोटारीकडे बघत उभा राहिला.

गप्पी माशांचं काम माझ्याकडे असायचं. डासांसाठी पालिकेची माणसं ते विहिरीत सोडून जात. पाणी तळाला गेलं की ते चाळणीने पकडायचे आणि तीन दिवस पिंपात ठेवायचे, कारण शेवटी विहिरीत पावडर पडायची आणि पावडरने मासा मरतो. तीन दिवस मी त्या पिंपाशी बसून असे. एकही मेला तर नाना मला विचारत.

नाना म्हणजे माझे वडील. सगळी चाळ त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही. ते गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर शिवडीला एका गोदामावर राखणदार म्हणून राहिले. पण काय करता असं कुणी विचारलं तर ते सांगत, "विहीर बघतो." उपशाच्या दिवशी तळाला तेच उतरायचे. आधी पेटता कंदील दोराने खाली सोडायचा. तो विझला नाही म्हणजे खालची हवा ठीक आहे. मग नाना पायऱ्यांच्या दगडांवर पाय टेकत, पाठ भिंतीला घासत उतरत. तळाशी काळ्या दगडात एक फट आहे आणि त्या फटीतून झरा येतो. भिंती घासून झाल्या की ते झऱ्याला जाड काचेचा एक ग्लास लावत. बादलीत बसून ग्लास वर यायचा, मागून नाना. मग चिखलाने माखलेले नाना कठड्याच्या पायरीवर उभे राहून, सगळ्यांच्या देखत, तो ग्लास एका दमात पीत आणि ओरडत, "गोडंय!" एवढं ऐकलं की पोरांनी ताटं-पातेली बडवलीच म्हणून समजा. त्या आवाजानंतर विहीर पुन्हा वर्षभरासाठी चालू.

रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावात नानांच्या घरच्यांना विहिरीच्या कठड्याला हात लावायची मुभा नव्हती. घागर लांब ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. कधी कधी सकाळची दुपार व्हायची. नानांनी हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही नखं कापता कापता. गावात ज्याला सगळ्यांच्या शेवटी पाणी मिळायचं, तो इथे दोन चाळींच्या आधी प्यायचा. तो ग्लास नाना दुसऱ्या कुणाच्या हातात का देत नसत, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि पावडर माझ्यामुळे. मी सात वर्षांची असताना पालिकेच्या नळाला चार दिवस पाणी आलं नाही, तेव्हा सगळ्यांनी विहिरीचं प्यायलं आणि मला कावीळ झाली. बरेच दिवस मी अंथरुणाला खिळून होते. नाना रोज सकाळी मला गॅलरीत उन्हाकडे तोंड करून बसवत, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढत आणि पिवळेपणा किती उरलाय ते बघत. त्यांच्या अंगठ्याला तंबाखूचा वास असायचा. मी उठून हिंडू लागले त्याच मे महिन्यात त्यांनी विहिरीत पहिल्यांदा पावडर टाकली. पुढे तीस वर्षं टाकली. मोजून, पाण्यात कालवून, स्वतःच्या हाताने. कुणी म्हणालं की नाना, आता हे पाणी पितं कोण, तर ते ऐकूनच घेत नसत.

हे सगळं असंच चाललं असतं. पण चार वर्षांपूर्वीच्या त्या उपशाला नाना पायरीवर उभे राहिले, ग्लास ओठांपर्यंत नेला आणि थांबले.

पोरं पातेल्यांवर डाव उगारून तयार. नाना ग्लासात बघतायत. मग त्यांनी ग्लासावर तळहात झाकला आणि मला हाक मारली, "सुमे, इकडे ये." पाण्यात काहीतरी हलत होतं. अर्ध्या नखाएवढं, पांढरं, जवळजवळ आरपार दिसणारं. बारीक बारीक पाय, पुढे लांब मिशा. ते ग्लासाच्या तळाला चाचपडत चाचपडत एक फेरी घालायचं आणि पुन्हा तीच फेरी.

सावंतकाका त्यांच्या चाळीचे सेक्रेटरी. ते पुढे आले, वाकून बघितलं आणि चार पावलं मागे सरकले. "किडो आसा तो, नानांनू! पोरांच्या पोटात गेलो तर? दुप्पट पावडर घाला नि मोकळे व्हा."

तेवढ्यात हिराबाय आली. हिराबाय शिवडीहून पाटी घेऊन येणारी आमची मासळीवाली. कोळीण. उपशाच्या दिवशी तिची सगळी पाटी अंगणातच खपते. तिने पाटी उतरवली, नानांच्या हातातून ग्लास घेतला आणि उन्हात धरला. तिच्याइतकी कोळंबी, करंदी आणि जवळा आमच्यात कुणी बघितलेला नाही.

"किडा कुठला? जवल्याचा भाऊबंद हाय यो," ती म्हणाली. मग ग्लास डोळ्यांपाशी नेला आणि फिरवून फिरवून बघितला. "पण यो जवला नाय गो. जवल्याला दोन काले डोले असतान. सुकला तरी डोले र्‍हातान. याला डोलंच नाय."

ते ऐकल्यावर मला दिसलं. आयुष्यभर सुका जवळा निवडला, ते मोहरीच्या टोकाएवढे काळे ठिपके कायम बोटांखाली असायचे, पण ते डोळे आहेत हे कधी मनात आलं नव्हतं. इथे ठिपक्यांच्या जागी नुसतं पांढरं होतं.

त्या दिवशी नानांनी पाणी प्यायलं नाही आणि "गोडंय" म्हटलं नाही. पोरांनी थोडा वेळ वाट बघून पातेली खाली ठेवली. नाना म्हणाले, पावडर उद्या संध्याकाळी. तीस वर्षांत पहिल्यांदा पावडर पुढे ढकलली गेली.

मी परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. लोक जे कुणाला दाखवत नाहीत ते मी रोज काचेवर घेऊन बघते. त्यामुळे किडे, जंत, अंडी यांची मला किळस राहिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर कौतुकही कधी वाटलेलं नव्हतं. सोमवारी नानांच्या थर्मासमध्ये झऱ्याचं गार पाणी भरून त्यात तो प्राणी घातला आणि लॅबला नेला. जेवणाच्या सुट्टीत मशीनखाली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली ठेवला. दिव्याने पाणी तापेल म्हणून मिनिटभरच. त्या मिनिटात मला त्याचं सगळं आतलं दिसलं. आतड्यात अन्नाची करडी रेघ, पाठीशी धडधडणारं एवढंसं हृदय. प्रत्येक पायावर केस, मिशांवर केस. अंग कसं काचेचं, आणि एकही भाग उगीच नाही. इतक्या वर्षांत मी लाखो पेशी मोजल्या असतील, पण मशीनवरून डोकं उचलल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावून "हे बघ" असं मी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आमच्या लॅबमध्ये तपासण्या करून घ्यायला येत. त्यांना मी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"कुठे मिळाला हा?"

"चिंचपोकळीला."

"चिंचपोकळीला?" असं त्या एकूण तीनदा म्हणाल्या.

त्यांनी जे सांगितलं ते मी संध्याकाळी नानांना जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न केला. हा प्राणी विहिरीतला नव्हेच. आपण विहिरीला पाण्याचं घर समजतो. याचं घर खडकाच्या आत, जमिनीखाली जिथे जिथे भेगांतून पाणी साठलेलं आहे तिथे. विहीर म्हणजे त्याच्या घराला आपण पाडलेलं भोक. तिथे उजेड कधीच पोचत नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या राहता राहता डोळे गेले, रंग गेला. मिशांनी आणि केसांनी त्याला पाण्याची हालचाल कळते, चव कळते, वाट कळते. अन्न फार थोडं. खडकावर जी बारीक साय धरते ती खायची. त्या खाण्याने खडकाच्या भेगा मोकळ्या राहतात आणि पाणी खेळतं राहतं. आपल्या विहिरीचा झरा साफ ठेवायला अशी मंडळी हातभार लावतात. सगळं संथ. वाढ संथ, पिल्लं मोजकी. एका खडकातली जात दुसऱ्या खडकात सापडेलच असं नाही. कदाचित याला अजून कुणी नावही दिलेलं नसेल.

"आणि पावडर?" नानांनी विचारलं.

हे मी बाईंना विचारलं होतं. झऱ्याच्या आत खोलवर पावडर पोचत नसेल, त्या म्हणाल्या होत्या. पण तोंडाशी जे असतील ते मरत असणार. मी नानांना खोटं सांगू शकले असते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खरं सांगितलं.

नानांनी माठाजवळ ठेवलेला थर्मास जवळ ओढला. "गप्पींना पिंपात काढून ठेवत होतो," ते म्हणाले. "यांना कुणी काढलं?"

ती पावडर माझ्यासाठी होती. माझ्या डोळ्यांतला पिवळेपणा जावा म्हणून आणलेली, आणि खाली ज्यांना डोळेच नाहीत त्यांच्यावर तीस वर्षं पडत आलेली. नानांना ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, कुणालाच नव्हतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

बाईंनी एक विनंती केली होती. प्राणी स्पिरिटमध्ये घालून पाठवा, अभ्यास करता येईल, नाव देता येईल. नाना म्हणाले, "नाव द्यायला मारावा लागतो?" मी हो म्हटलं. "मग राहू दे बिननावाचा. आपल्याकडे तरी कुठे सगळ्यांची नावं कुणी लिहून ठेवलीत." बाई फोनवर जरा हिरमुसल्या, पण समजल्या. अजून मिळाले तर बघू, असं ठरलं. त्या एकाला आम्ही दिवस मावळायच्या आत बादलीने हळूच तळाला पोचवलं.

सावंतकाका पावडरची आठवण करायला आले, तेव्हा नाना कठड्यावरच बसले होते. पावडर विहिरीत पडणार नाही, वरच्या टाकीत पडेल, असं त्यांनी सांगितलं. पाणी तिथूनच नळाला येतं, ते तिथे स्वच्छ होऊ दे.

"नानांनू, तीस वर्सां तुमीच आमका सांगलास, विहिरीत पावडर व्हयीच म्हणान! आज एका किड्यापायी?"

"तीस वर्षं चुकलो, सावंत. आज कळलं."

अशी सरळ चूक कबूल करणारा माणूस सावंतकाकांच्या कमिटीत बसत नव्हता. टाकीत पावडर टाकायला त्यांनी हरकत घेतली नाही. पण चाळीत कुजबुज व्हायची ती झालीच. नानांचं वय झालं म्हणे. झुरळाला पाणी पाजतील उद्या म्हणे. ज्या माणसाच्या एका शब्दावर दोन चाळींची पातेली वाजत, त्याच्या पाठीमागे पोरं मिशांचे हातवारे करू लागली. नानांनी ते बघितलं असणार.

त्यांना दुसराच घोर लागला होता. तो एकटा होता की काय? शेवटचा होता की काय? रोज संध्याकाळी नाना विहिरीतून बादली काढत, त्यातून ग्लास भरत, उन्हाच्या तिरिपेत धरून बघत आणि पाणी हळूच परत सोडत. पावसाळाभर, हिवाळाभर. गप्पी दिसायचे, शेवाळाचे तंतू दिसायचे. तो नाही. मी समजावलं की तो वर येतच नाही, खडकात असतो. ते मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली सोडत. हिराबाय जाता येता विचारायची, "नाना, तुमचा आंधला दिसला काय?" ती एकटी थट्टा करत नव्हती.

त्या वर्षभरात मी लालबागच्या रस्त्याने चालत परळला जाता-येताना सारखी पायांकडे बघत असे. वर पूल, टॉवर, मंडपांचे खांब रोवून बुजवलेले खड्डे, गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल. एवढं सगळं डोक्यावर घेऊन खाली काळ्या दगडात पाणी आहे, आणि त्या पाण्यात कुणीतरी मिशांनी भिंत चाचपत आपल्या कामाला निघालंय. गिरण्या चालू असताना तो तिथे होता, संपात होता, भोंगे बंद झाले तेव्हाही होता. त्याला यातलं काही कळलं नाही. आम्हाला त्याचं काही कळलं नाही. इतक्या थोडक्यात, इतक्या अंधारात, कुणी बघत नसताना इतकं नीटनेटकं जगायचं म्हणजे काय, याचा विचार करता करता एकदा मी लॅबच्या पुढे दोन चौक निघून गेले. मला नानांचीच आठवण येत होती.

पुढचा मे आला. नानांचे गुडघे तोवर गेले होते. उतरणार कोण यावर दोन्ही चाळींत चर्चा सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, "मी उतरते."

"बाईलमाणूस खंय उतरतला?" सावंतकाका.

"रोज तुमच्या पोटात उतरते ती तिथे लॅबमध्ये," नाना म्हणाले. "विहिरीचं काय एवढं."

कंदील खाली गेला. विझला नाही. मग मी. खाली इतका गारवा असेल असं वरून कधी वाटलं नव्हतं. ओल्या दगडाचा वास, वर आभाळ ताटाएवढं. भिंती घासून झाल्यावर मी नानांचा ग्लास काढला आणि फटीशी गुडघे टेकले. टॉर्च बाजूला धरला. पाणी येत होतं, अगदी बारीक आवाज करत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. वरून दोनदा हाका आल्या.

मग दगडाच्या कडेने तो आला. मिशा आधी, मग तो. थांबत, चाचपत, घाई नाही. आणि त्याच्या मागून आणखी एक, त्याच्या निम्मासुद्धा नसेल. लहान. म्हणजे आत बिऱ्हाड होतं, आत संसार चालू होता. मी त्या चिखलात बसून चक्क रडले.

मोठा ग्लासाच्या काठापर्यंत आला. काठाला मिशी लागली. ग्लास एवढासा कलता केला असता की तो आत आला असता. नानांनी वर्षभर याचीच वाट पाहिली होती, आणि सगळी चाळ वर उभी होती. मी ग्लास मागे घेतला. टॉर्च बंद केला. अंधारात, फटीच्या दुसऱ्या अंगाने, नुसतं पाणी भरून घेतलं.

वर आले तेव्हा नाना पायरीवर उभे होते, चष्मा पुसून तयार. त्यांनी ग्लास उन्हात धरला. एका बाजूने बघितलं, फिरवून दुसऱ्या बाजूने बघितलं, खालून बघितलं. पाणी स्वच्छ होतं. अंगणात कुणी हललं नाही. हिराबायसुद्धा पाटीला हात लावून तशीच उभी.

"नाही ना?" नाना हळूच म्हणाले.

"आहेत," मी म्हटलं. "दोन पाहिले. एक लहान आहे. घरीच असू देत म्हटलं."

नानांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी उन्हात बसवून बघायचे तसं, डोळ्यांत, नीट, खरं किती आणि पोरगी बापाला बरं वाटावं म्हणून सांगतेय किती ते. मी पापणी हलवली नाही. मग त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. ओठ पुसले. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, पण दोन्ही चाळींना पुरला.

"गोडंय!"